आईला ठाण्याला आणायचं की नाही?

प्रश्न: मी छत्तीस वर्षांचा आहे, विमा कंपनीत जोखमीची आकडेमोड करतो. गेल्या वर्षी बाबा गेले. रात्री छातीत कळ आली तेव्हा शेजारच्या पोरांनी त्यांना खुर्चीत बसवून चाळीचे तीन जिने उतरवलं. मी ठाण्याहून पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आता आई लालबागच्या खोलीत एकटीच असते. गुडघे गेलेत, संडास सामायिक. आमचं घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर टू बीएचके आहे, लिफ्ट आहे, तिला वेगळी खोली मिळेल. मी रीतसर तक्ता केला. शंभरपैकी लिफ्टला ३०, घरातल्या संडासाला २५, आम्ही जवळ असण्याला २५, खर्चाला १५ आणि आईच्या इच्छेला ५. ठाणं सरळ जिंकतं. आई मात्र म्हणते, "तिकडे मला नावाने हाक कोण मारणार?" बहीण म्हणते, तुला भावनाच नाहीत. मला वाटतं, भावना मध्ये आल्या की विचार बिघडतो, आणि कुटुंब म्हणजे शेवटी एकमेकांची सोय. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: तुमच्या बहिणीचं म्हणणं मला पटलं नाही. ज्याला भावना नाहीत त्याच्या हातून हा तक्ता झालाच नसता. लिफ्टला तीस गुण कुठून आले? कुठल्या सूत्राने ते दिलेले नाहीत. बाबांना खुर्चीत बसवून जे तीन जिने उतरवले, त्या जिन्यांनी दिले. बेरीज तुम्ही डोक्याने केलीत, पण कशाचं किती वजन धरायचं हे तुमच्या दुःखाने ठरवलं. त्यात काही वाईट नाही. माणूस असाच विचार करतो.

मेंदूतज्ज्ञ अँटोनियो दमासिओ यांनी आयोवा विद्यापीठात असतानाच्या आपल्या एका रुग्णाची हकिगत लिहिली आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेली, पण बुद्धी, स्मरण, बोलणं सगळं शाबूत. पुढच्या भेटीसाठी त्यांनी त्याला दोन तारखा सुचवल्या. तो डायरी काढून बसला आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूची आणि विरुद्धची कारणं सांगत राहिला: इतर कामं, हवामान, काय काय. एकही कारण खोटं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, दुसऱ्या तारखेला या. "ठीक आहे," म्हणाला आणि डायरी खिशात टाकली. अशा रुग्णांचा हिशोब पक्का असतो, पण अमुक गोष्ट आपल्याला जास्त मोलाची आहे हे आतून कुणी सांगत नाही, त्यामुळे हिशोब संपतच नाही. दमासिओंचा निष्कर्ष असा, की भावनेचा धागा तुटला तर निर्णयही धड होत नाही.

भावना फसवतही नाहीत असं मात्र मी म्हणणार नाही. मी महापालिकेच्या रुग्णालयात समाजसेवा विभागात नोकरी केली. 'लोक काय म्हणतील' या भीतीला प्रेमाचं नाव देऊन म्हाताऱ्या माणसाची फरफट करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि आईच्या अश्रूंपुढे आपलं सगळं आयुष्य गहाण टाकणारे मुलगेही. म्हणून भावना आली की तिला विचारावं: तू कुणासाठी आलीस? तुमच्या बाबतीत मला वाटतं, लिफ्टचे तीस गुण आईसाठी जितके आहेत त्याहून जास्त बाबांसाठी आहेत. ती रात्र पुन्हा यायला नको, म्हणून. बाबांना वेळेत न गाठल्याचं दुःख तुमचं तुम्हाला करू द्या. त्यासाठी आईची खोली रिकामी करायची गरज नाही.

आता सोयीबद्दल. कुटुंब ही सोय असते, यात कमीपणा कसला? तुमच्या आईच्या गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष गावकरी मंडळाच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे. ज्याची रात्रपाळी तो दिवसा झोपायचा, प्रत्येकाची एक ट्रंक, जेवण खानावळवाल्या बाईकडे, आणि पगार झाला की गावाला मनीऑर्डर. रक्ताचं नातं नसलेल्यांनी एकमेकांची आजारपणं काढली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. पगार थांबले तेव्हा नुसत्या सोयीचा हिशोब असता तर ही घरं महिन्याभरात मोडली असती. बायकांनी भाजी विकली, पापड लाटले, डबे केले, कुणी मुलाबाळांसह गावाला भावाच्या दारात गेले आणि भावाने ठेवून घेतलं. सोय संपल्यावरही माणसं जे करतात, तेही कुटुंबच.

पोटापलीकडचं काहीतरी लागतं हे मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या माकडांच्या पिलांनीही दाखवलं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी पिलांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची, एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिलं दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. त्या पिलांचे हाल झाले, तो प्रयोग वाचवत नाही, पण त्याने शिकवलं ते खरं आहे.

तुमच्या आईचं वाक्य तुम्ही पत्रात लिहिलंत, तक्त्यात नाही. तिला नावाने हाक मारणारा घरातला माणूस गेला. उरल्या त्या गॅलरीतल्या चार-सहा बायका. तुमच्या सोसायटीत ती अमक्याची आई, पोरांची आजी. दुपारी तुम्ही दोघं ऑफिसात, मुलं शाळेत, समोरचं दार बंद. आणि हे बघा: बाबांना खाली आणायला चाळीतली पोरं मध्यरात्री धावली. चौदाव्या मजल्यावर दुपारी तीन वाजता कोण धावेल? केईएम रुग्णालय लालबागहून जवळ आहे, हेही तुमच्या तक्त्यात कुठे दिसलं नाही. तुम्ही जोखमीचा हिशोब करणारे आहात, तर ही जोखीम पण मांडा.

गुडघ्यांचा त्रास मात्र खरा आहे. तो नाकारून आईला चाळीतच ठेवा, असं मी सांगणार नाही. एखाद्या रविवारी तक्ता घरी ठेवून एकटे जा. दुपारी गॅलरीत बसा. तिच्याकडे कोण येतं, ती कुणाकडे जाते, चावी कुणाकडे असते, ते बघा. मग तिला विचारा, तिकडे आलीस तर काय काय सुटेल? ती सांगेल ते लिहून घ्या आणि त्याला गुण तिलाच देऊ द्या. तोवर खोलीत रात्रीसाठी कमोडची खुर्ची आणा. जिन्याला कठडा धड नसेल तर चाळीच्या समितीला भेटा. पावसाळ्यात जिने निसरडे होतात, तेव्हा जूनमध्ये तिला ठाण्याला आणा, गणपतीला परत लालबागला सोडा. खोली सोडू नका, विकायचा विषय तर या वर्षी काढूच नका. दिवाळीनंतर तिघं बसून पुन्हा बोला: तुम्ही, आई आणि बहीणही. बहिणीला पाचपैकी किती गुण द्यायचे, तेही आईलाच ठरवू द्या.