मल्टिपार्ट अपलोडमध्ये फाईलचं नाव अर्धवट का येतं आणि फाईलच्या शेवटी दोन बाइट जास्त का येतात?

तुम्ही लिहिलंय की मल्टिपार्ट अपलोडमधल्या (एकाच विनंतीत अनेक भाग पाठवण्याच्या पद्धतीतल्या) प्रत्येक भागाचं कंटेंट-डिस्पोझिशन हेडर (भागाचं आणि फाईलचं नाव सांगणारी ओळ) तुम्ही अर्धविरामावर तोडता, काही नावं मधूनच कापली जातात आणि सेव्ह झालेली फाईल मूळ फाईलपेक्षा दोन बाइटनी मोठी निघते. या दोन वेगळ्या चुका आहेत.

दोन बाइटचं आधी सांगतो. बाउंड्रीच्या (दोन भाग वेगळे करणाऱ्या खुणेच्या) आधी येणारा सीआर-एलएफ (नवी ओळ सुरू करणारी जोडी), म्हणजे १३ आणि १० हे बाइट, फाईलचे नसतातच. ते बाउंड्रीचा भाग असतात. म्हणून शोधताना नुसती बाउंड्री न शोधता सीआर-एलएफ, दोन डॅश आणि मग बाउंड्री असं सलग शोधा. फक्त पहिल्या बाउंड्रीआधी सीआर-एलएफ नसला तरी चालतं, तेवढं लक्षात ठेवा. शेवटून सरसकट ट्रिम (कोऱ्या जागा आणि ओळी कापणं) मात्र करू नका, फाईलचे स्वतःचे बाइटही त्यात जातील.

आता नाव. हेडरमधल्या filename ची किंमत अवतरणचिन्हांत असते आणि त्यांच्या आत अर्धविराम खुशाल येऊ शकतो. "अहवाल;अंतिम.pdf" तुमच्या कोडमध्ये "अहवाल पाशीच संपतं. एकेक अक्षर वाचत जा, अवतरणाच्या आत आहोत की बाहेर ते एका फ्लॅगमध्ये ठेवा आणि बाहेर असतानाच तोडा. नावातच दुहेरी अवतरण असेल तर आजचे ब्राउझर त्याजागी %22 पाठवतात. हेडरची नावं लहान-मोठ्या लिपीत कशीही येऊ शकतात, बाउंड्री मात्र अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे.

मी स्वतः अडखळलो ते वेगळ्याच ठिकाणी. विनंतीची पूर्ण बॉडी (आलेला सगळा डेटा) आधी यूटीएफ-८ स्ट्रिंग, म्हणजे मजकूर केली आणि मग पार्स केली, म्हणजे तिचे भाग सुटे केले. मजकुराच्या फाईली नीट यायच्या, फोटो सगळे खराब. बॉडी बाइटमध्येच ठेवा. प्रत्येक भागात रिकाम्या ओळीपर्यंतचं हेडर तेवढं डिकोड करा, म्हणजे मजकुरात बदला. मराठी नावं ब्राउझर सहसा यूटीएफ-८ मध्ये थेट पाठवतो. filename* (नाव एन्कोड करून पाठवायचा प्रकार) २०१५च्या आरएफसी ७५७८ ने, म्हणजे या अपलोडचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजाने, इथे वर्ज्य केलाय.

स्ट्रीम, म्हणजे बॉडी तुकड्यातुकड्यांनी वाचत असाल तर बाउंड्री दोन तुकड्यांत विभागून येऊ शकते, तेव्हा आधीच्या तुकड्याचे शेवटचे काही बाइट राखून ठेवा. आणि आलेलं नाव डिस्कवर जसंच्या तसं कधीच वापरू नका. त्यात ../ (वरच्या फोल्डरमध्ये नेणारी खूण) असू शकतं. साठवायला स्वतःचं नाव तयार करा, मूळ नाव फक्त दाखवण्यापुरतं ठेवा.