तेलगळतीत सापडलेल्या सीलना वाचवायला स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. प्राण्यांची आवड पुरेशी आहे, की प्रशिक्षण लागतंच?

आवड पुरत नाही. माझ्या डाव्या हाताची तर्जनी मधल्या सांध्यात वाकत नाही, ती याच आवडीपायी.

पहिल्या तेलगळतीच्या वेळी दोन तासांचं व्याख्यान ऐकून आम्ही किनाऱ्यावर उतरलो. काम एवढंच: प्राणी दिसला की लांब उभं राहायचं आणि पथकाला कळवायचं. खडकाला टेकून सीलचं एक पिल्लू पडलं होतं, डोळे सोडले तर सगळं काळंकुट्ट. आमच्यातला एक जुना स्वयंसेवक, त्याला सगळे दादाच म्हणायचे, ओरडला, "जीव जातोय आणि फोन कसले लावताय!" तेलाने हातमोजे सटकत होते म्हणून मी ते काढले आणि टॉवेल घेऊन किनाऱ्याच्या बाजूने पुढे झालो. निपचित वाटणाऱ्या पिल्लाने झटक्यात मान वळवली आणि बोट त्याच्या तोंडात. मग ते सरपटत पाण्यात गेलं, सरळ तवंगात. पथक वीस मिनिटांनी पोचलं. पिल्लू परत दिसलं नाही.

सीलकडे जायचं ते समुद्राच्या बाजूने, त्याची पाण्याची वाट अडवून. थकून, गारठून वर आलेल्या पिल्लाला मी परत समुद्रात पिटाळलं, दुसरं काही केलं नाही.

पाचव्या दिवशी बोट सुजून चकचकीत लाल झालं, ठणक्याने झोप येईना. डॉक्टरांना मी नुसतं "लागलं" म्हणालो, सीलचं नावच काढलं नाही. त्यांनी पेनिसिलिन दिलं. सीलच्या तोंडातल्या ज्या मायकोप्लाझ्मामुळे हे होतं, त्या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, आणि पेनिसिलिन घाव घालतं ते तिच्यावरच, त्यामुळे ते त्याच्यावर चालतच नाही; टेट्रासायक्लिन लागतं. 'सील फिंगर' म्हणतात याला. औषध बदलेपर्यंत सांध्याची वाट लागली होती.

किनाऱ्यावर उतरलो त्या दिवशी डोकंही भणभणत होतं, ते मी उन्हावर ढकललं. ताज्या कच्च्या तेलातून बेंझिनची विषारी वाफ उडत असते. कापडी मास्क फक्त मनाचं समाधान. सेंद्रिय वाफा शोषणारं गाळणीचं काडतूस असलेला, चेहऱ्यावर घट्ट बसतो का हे तपासलेला मास्क लागतो. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. तेलातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचं प्रमाण फार वाढलं तर त्याचा वास येणंच बंद होतं, त्यामुळे नाकावर विसंबू नका.

किती तासांचं प्रशिक्षण? अमेरिकेत घातक पदार्थांच्या कामासाठी ओशाच्या (कामगारांच्या सुरक्षेची सरकारी संस्था) नियमांत कामाप्रमाणे २४ किंवा ४० तास, वर दरवर्षी ८ तासांची उजळणी. तुमच्याकडे काय लागतं ते तिथल्या पथकालाच विचारा.

दादा अजूनही १९८९ ची एक्झॉन व्हाल्डीझ या तेलवाहू जहाजाची गळती पुढे करतो: लोक धावले म्हणून अलास्कात पाणमांजरं वाचली! धावले, खरंय. साडेतीनशेच्या आसपास पाणमांजरं केंद्रांत आणली आणि सुमारे दोनशे परत सोडली. पण त्याच गळतीत मेलेल्यांचा अंदाज हजारोंत आहे. आणि वाचली ती धुण्या-वाळवण्याच्या, गुंगी देण्याच्या, दिवसेंदिवस ऊब देत राखण्याच्या कामामुळे. टॉवेल घेऊन कुणी धावल्यामुळे नव्हे.

मी फक्त सीलबरोबर काम केलंय, डॉल्फिन-देवमाशांचं मला विचारू नका. आणि दादा ओरडला नसता तरी मी बहुधा गेलोच असतो, हेही मान्य. पण दादा, पथक वीस मिनिटांवर होतं.