पंधरा तारखेचं विमान चौदालाच सुटतं

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

मुंबईहून बँकॉक, तिथून हनोई, एकूण दहा दिवस, आणि तिकीट गोव्याच्या सहलीपेक्षा स्वस्त, हा तुझा बेत वाचला. तिकीट अजून काढलेलं नाहीस हे फार बरं झालं. काढण्याआधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. स्वस्त विमान कंपनी तिकिटावर फारसं कमावत नाही. ती कमावते ते तुझ्या घाईवर, विसरभोळेपणावर आणि बारीक अक्षरं न वाचण्यावर. म्हणून तिचा दरतक्ता उघड आणि जादा पैसे कशाकशाचे लागतात तेवढंच वाच. परदेशात माणसाची फजिती कुठे होते, याची यादी तिथे आयती मिळते.

पहिली फजिती नाशिकमध्येच होते, आणि ती तारखेची असते. मुंबईहून पूर्वेकडे जाणारी पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. समज, तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० ही वेळ आहे. नवखा माणूस १५ तारखेच्या संध्याकाळी बॅग भरायला घेतो, आणि तोवर विमान जाऊन अठरा तास झालेले असतात. आता उलटा हिशेब कर. चेक-इनचा काउंटर सहसा विमानाच्या एक तास आधी बंद होतो, म्हणजे १४ तारखेला रात्री ११:४० ला. त्याआधी रांग आणि कागदांची तपासणी, म्हणून साडेनऊला टी-टू, म्हणजे मुंबई विमानतळाचं दुसरं टर्मिनल, गाठायचं. नाशिकहून रस्ता चांगला असला तर चार तासांत होतो. समृद्धी जून २०२५ मध्ये इगतपुरीहून आमण्यापर्यंत पूर्ण झाल्यापासून कसारा घाट टळतो, पण भिवंडी-ठाण्याची कोंडी टळत नाही. तिच्यासाठी दीड तास राखून ठेव. थोडक्यात, १५ तारखेचं तुझं विमान १४ तारखेच्या दुपारी चार वाजता नाशिकच्या मुंबई नाक्यावरून सुटतं. कॅलेंडरवर तेच लिही.

खासगी गाडी करशील तर जाऊन-येऊन जे भाडं होईल ते तिकिटाच्या किमतीत मिळव, मग 'स्वस्त' शब्द उच्चार. त्यापेक्षा दिवसाच्या गाडीने ठाण्याला उतर, लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो एकने मरोळ नाका, आणि मरोळ नाक्याला मेट्रो तीनमध्ये बसलास की पुढचंच स्थानक टी-टू. खर्च किरकोळ. मात्र रात्री उशिरा मेट्रो बंद असते आणि संध्याकाळी सहाच्या लोकलमध्ये सॅक घेऊन चढण्याचं धाडस परदेशातल्या कुठल्याही धाडसापेक्षा मोठं आहे, म्हणून दुपारीच नीघ.

आता सामान. स्वस्त तिकिटात बहुधा हातातली सात किलोची बॅग तेवढी मिळते, आणि तिची मापं साधारण ५६ × ३६ × २३ सेंटिमीटर. हे सात किलो बॅगेसकट असतात. चाकांची सुटकेस रिकामीच अडीच किलो भरते, म्हणून किलोभर वजनाची साधी सॅक घे. लॅपटॉप आणि चार्जर दोन किलो. तो नेणं खरंच गरजेचं आहे का, हे आत्ताच ठरव. जड बूट आणि जाकीट अंगावर घालायचं. जाकिटाच्या खिशात पुस्तक, चार्जर, पॉवरबँक गेली तरी सहसा कुणी तुला काट्यावर उभं करत नाही. आकड्याचा छोटा वजनकाटा काही शे रुपयांना मिळतो, तो घरात असलाच पाहिजे. न्हाणीघरातल्या काट्यावर बॅग घेऊन उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं, या पद्धतीत अर्ध्या-एक किलोची चूक सहज होते. चेक-इनची बॅग लागणारच असेल तर तिकिटाबरोबरच घे. तीच बॅग काउंटरवर कितीतरी महाग पडते, आणि गेटवर पकडलं तर त्याहून महाग.

पॉवरबँक नेहमी हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये टाकलीस तर बॅग बाजूला काढून तुझ्या नावाचा पुकारा होतो. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. तुझ्या २०,००० एमएएचच्या पॉवरबँकेचे ७४ होतात, म्हणजे चिंता नाही. फक्त तिच्यावरचे आकडे पुसले गेलेले नसावेत, नाहीतर सुरक्षा तपासणीत ती ठेवून घेतात.

वजनाचा खरा प्रश्न लॅपटॉपचा नसतो, आईने दिलेल्या डब्यांचा असतो. तिला नाही म्हणता येत नाही, हे समजू शकतो, पण काय न्यायचं हे सांगता येतं. ठेचा हा सुरक्षा तपासणीच्या लेखी द्रवपदार्थात जमा, आणि शंभर मिलिलिटरहून मोठी बाटली दारातच राहते. लाल तिखट आणि मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नकोतच. त्यांच्यात तेल इतकं असतं की स्वतःहून तापून पेटू शकणाऱ्या मालात त्यांची गणना होते. आणि सर्वांत महत्त्वाचं, खसखस. दुबई किंवा सिंगापूरमार्गे जाणारं तिकीट घेतलंस तर अनारसे आणि खसखस घातलेले लाडू घरीच ठेव. दोन्हीकडे खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि आजीच्या हातचे लाडू आहेत हा बचाव तिथे चालत नाही. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, खाकरे, दाण्याचे लाडू हे हलके आणि बिनतक्रार. चिवड्याला वजन नसतं पण अर्धी बॅग तोच खातो. पाव किलोच्या पुढे जाऊ नकोस.

दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास करायचा तुझा विचार आहे, तिथे थोडं थांब. बँकॉकला विमानतळ दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, आणि दोन्हींमध्ये शहर आडवं पसरलेलं आहे. तुझं पहिलं विमान एकावर उतरणार आणि हनोईचं स्वस्त विमान दुसऱ्यावरून उडणार, असं सर्रास होतं. तिकिटावर शहराचं नाव बघू नकोस, विमानतळाचा तीन अक्षरी संकेत बघ. पुढच्या विमानाचं तिकीट दाखवलं की दोन्हींमध्ये मोफत बस मिळते, पण वाहतूक तिची वाट अडवतेच. शिवाय तिकिटं वेगळी म्हणजे सामान उतरवून घ्यायचं, थायलंडच्या इमिग्रेशनमधून बाहेर पडायचं आणि पुन्हा चेक-इन करायचं. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, तिकीट गेलं. मध्ये सहा तास तरी ठेव. माझं मत विचारशील तर सरळ एक रात्र बँकॉकला काढ. डॉर्मिटरीतल्या एका खाटेचं भाडं बुडालेल्या तिकिटापेक्षा नेहमीच कमी असतं. मात्र विमान पहाटे तीनला उतरत असेल तर ती रात्र स्वस्त राहत नाही. रेल्वे बंद, टॅक्सीशिवाय गत्यंतर नाही, आणि होस्टेलची खाट दुपारी दोनला मिळणार.

कागद. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा हवा. तिकिटावर आणि व्हिसावर नाव पासपोर्टात जसं आहे अगदी तसंच. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं, आणि अर्ज भरताना कुणी ते गाळतो, कुणी आडनावाच्या रकान्यात कोंबतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशासाठी २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांसाठी ५० डॉलर, नव्वद दिवसांपर्यंत. त्यात एक अक्षर चुकलं तर मुंबईच्या काउंटरवरच तुला परत पाठवतील, हनोईपर्यंत जायची वेळही येणार नाही. व्हिसा ज्या तारखेपासून सुरू होतो तिच्या आदल्या रात्री पोहोचलास तरी तीच गत. थायलंडला १ मे २०२५ पासून आगमनाचं डिजिटल कार्ड लागतं. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे. शोधलंस की सरकारी वाटणाऱ्या पण पैसे मागणाऱ्या साइट आधी दिसतात. पैसे मागितले की समज, दार चुकलं. परतीचं तिकीट आणि पहिल्या रात्रीचा पत्ता कागदावर छापून ने. काउंटरवर ते मागतात, आणि नेमका तेव्हाच फोन पाच टक्क्यांवर आलेला असतो.

पैशांबद्दल थोडक्यात. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर स्वतः सुरू करावा लागतो. तो निघण्याआधी कर, कारण ओटीपी तुझ्या इथल्या नंबरवर येणार. त्यासाठीच भारतीय सिम काढून ठेवू नकोस. रोमिंग सुरू, डेटा बंद, आणि इंटरनेटला तिथलं सिम किंवा ई-सिम. एटीएम किंवा दुकानातलं यंत्र 'रुपयांत घेऊ का?' असं प्रेमाने विचारतं. नाही म्हण, तिथल्याच चलनात दे. रुपयांतला दर त्याने आपल्या सोयीने लावलेला असतो. थायलंडची एटीएम दर वेळी दोनशेहून जास्त बाहत शुल्क कापतात, म्हणून चार वेळा थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढ. व्हिएतनामात २०,००० डाँगची आणि ५ लाख डाँगची नोट दोन्ही निळ्या. मंद दिव्यात शहाळ्याचे पैसे देताना पंचवीसपट दिले जातात, आणि शहाळंवाला हाक मारून परत देईलच असं नाही. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या खिशात.

तू शाकाहारी आहेस, म्हणजे व्हिएतनामात भाजीतही माशाचा सॉस येणार हे गृहीत धर. 'chay', म्हणजे शाकाहारी, हा शब्द ज्या पाटीवर आहे तिथेच जा, आणि तोंडी मागू नकोस, फोनवर लिहिलेलं दाखव, कारण आपल्या उच्चारात सूर नसतात. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे बरेच लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी निवड वाढते. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की निर्धास्त शीर. तिथे मांसमच्छी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. लासलगाव शेजारी असलेल्या माणसाला दोन दिवसांनी ते जड जाईल, तेव्हा ते मेतकूट काढ.

रस्ते. नाशिकचा द्वारका चौक पायी ओलांडलेल्याला हनोई नवी नाही. एकाच संथ गतीने चालत राहा, थांबू नकोस, पळू नकोस, स्कूटर तुला वळसा घालून जातात. फरक इतकाच की तिथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे बघ. आपली उजवीकडे बघण्याची सवय मानेत मुरलेली असते. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढ आणि त्या देशात तो चालतो का ते आधी बघ. परवाना ग्राह्य नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, आणि हॉस्पिटलचं बिल विमानाच्या दहा तिकिटांएवढं होऊ शकतं. स्कूटर घेताना सगळ्या ओरखड्यांचा व्हिडिओ काढ. पासपोर्ट तारण म्हणून कधीच ठेवायचा नाही, पैसे ठेव.

बँकॉकच्या राजवाड्याजवळ एक गोड माणूस सांगेल, 'आज बंद आहे, पूजा आहे.' तो वीस बाहतमध्ये तुला टुकटुकने मंदिरं दाखवायला तयार असेल. त्या फेरीत मंदिर एक आणि रत्नांची दुकानं तीन असतात. राजवाडा बहुधा उघडाच असतो. दारापर्यंत चालत जाऊन बघ. आणि अर्धी चड्डी घालून जाऊ नकोस, तेव्हा मात्र दार तुझ्यापुरतं खरंच बंद असतं.

डॉर्मिटरीत लॉकर असतो, कुलूप नसतं. घरून ने. पहाटे निघायचं असेल तर बॅग रात्रीच भर. पाच वाजता प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरवणाऱ्याला सगळ्या देशांचे लोक आपापल्या भाषेत एकच गोष्ट म्हणतात.

पुढच्या वर्षी युरोप म्हणतो आहेस. त्याचं पत्र वेगळं लिहीन, तूर्त चार गोष्टी. 'पॅरिस' म्हणून विकलेला बोवे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे आणि 'फ्रँकफर्ट'चा हान सुमारे १२० वर, म्हणजे बसचं भाडंही तिकिटातच धर. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, शनिवारी भाजीपाला आणून ठेव. होस्टेलच्या स्वयंपाकघरात मोहरी तडतडवून फोडणी दिलीस तर धुराचा भोंगा वाजतो आणि सगळी इमारत पायजम्यात रस्त्यावर येते, तेव्हा तिथे उकडलेलंच खा. आणि पेढे नेऊ नकोस. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपीय संघात बंदी आहे.

परतीचं विमान मुंबईत पहाटे उतरतं. बाबांना न्यायला बोलावू नकोस. अर्ध्या झोपेत त्यांनी दोन्ही बाजूंचा रस्ता तोडायचा आणि विमान दोन तास उशिरा, हा हिशेब कुणाच्याच फायद्याचा नाही. मेट्रो सुरू होईपर्यंत टर्मिनलवरच बस, आणि ठाण्याहून नाशिककडची गाडी आधीच आरक्षित कर. मध्ये चार तास तरी सोड, म्हणजे विमान लांबलं तरी गाडी सापडेल. वजनकाटा मात्र घरी विसरू नकोस, हनोईहून निघताना तो लागतो. तिथल्या कॉफीची पाकिटं दिसायला लहान असतात, पण मित्रांसाठी सहा घेतली की तीन किलो होतात.

तुझा,
काका