फ्रान्समधील बेझांसों हे शहर रोमनांनीच वसवले का?

नाही, सेक्वानी या केल्टिक जमातीचा वेसोन्तिओ नावाचा गड तिथे आधीपासून होता आणि रोमन शहर त्याच जागेवर वाढले. याला खुद्द ज्युलियस सीझरचाच आधार आहे. इ.स.पू. 58 मध्ये आरिओविस्तुस हा जर्मानिक राजा पोहोचण्याआधी सीझरने रात्रंदिवस कूच करून हा गड घेतला, कारण युद्धसामग्रीचा मोठा साठा तिथे होता. तो लिहितो की, दू नदी कंपासने वर्तुळ काढावे तशी गावाला जवळजवळ पूर्ण वेढते आणि उरलेली 1600 फुटांची (रोमन फूट धरल्यास सुमारे 470 मीटरची) मोकळी बाजू एका उंच डोंगराने भरून निघते, ज्याला तट घालून गावाशी जोडले होते. नकाशा उघडून पाहिल्यास नदीचा हा फास आजही तसाच दिसतो; डोंगरावर आता फ्रेंच लष्करी अभियंता व्होबाँ याचा 17व्या शतकातील किल्ला आहे आणि पायथ्याशी 'पोर्त न्वार' ही दुसऱ्या शतकातील रोमन कमान. मात्र हे सातत्य जागेचे आहे, इमारतींचे नव्हे. शिवाय सीझर सेनापतीच्या नजरेने पाहत होता, त्यामुळे तटाबद्दल तो बरेच सांगतो आणि तटाआतल्या वस्तीबद्दल फारच थोडे. तिथे भिस्त उत्खननावरच ठेवावी लागते.