अलास्कात सांडलेलं तेल ३०-३५ वर्षांनीही सापडतं हे खरं का? बॅक्टेरिया तेल खाऊन टाकतात ना? आणि नुसत्या ड्रिलिंगने तिकडे काय बिघडतं?

खातात की, पण त्यांनाही ऑक्सिजन लागतो, सगळी गोची तिथेच आहे.

मी टँकरवर नोकरी करतो आणि एक्सॉन वाल्डीझ ह्या तेलवाहू जहाजाची केस आमच्याकडून ट्रेनिंगमध्येच घोटून घेतात, म्हणून लिहितोय. २४ मार्च १९८९, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, जहाज ब्लाय रीफ नावाच्या पाण्याखालच्या खडकावर चढलं आणि साधारण १.१ कोटी गॅलन क्रूड (कच्चं तेल) अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड ह्या खाडीत गेलं. किनारा लागला (म्हणजे तेलाने माखला) जवळपास २,१०० किमी.

थंडीमुळे तेल लवकर कुजत नाही असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. तिथले किनारे आपल्यासारखे वाळूचे नाहीत, बरेचसे दगडगोट्यांचे आहेत. तेल गोट्यांच्या फटीतून खाली मुरतं, वरचा थर भरती-ओहोटीत धुऊन निघतो, पण वीतभर खाली ना ऑक्सिजन पोचतो ना बॅक्टेरियाला लागणारं बाकीचं पोषण, मग तेल तसंच पडून राहतं. २००१ मध्ये खड्डे खणून बघितलं तेव्हाही बऱ्याच ठिकाणी ते निघालं, आणि नुसतं काळं पडलेलं डांबर नाही, काही ठिकाणी चांगलं पातळ.

आता ह्यात सगळ्यात जास्त भरडले गेले समुद्री ऑटर (पाणमांजरं). सील-व्हेलसारखी चरबी त्यांच्या अंगाला नसते, ऊब सगळी केसांत अडकलेल्या हवेची, केस तेलाने चिकटले की गारठून मरतात, आणि चाटून साफ करायला गेले तर तेल पोटात. अंदाजे २,८०० मेले. जे उरले ते शिंपले काढायला तोच किनारा उकरत राहिले, त्यामुळे त्यांची संख्या सावरायला २०१४ उजाडलं. किलर व्हेलचा एटी१ नावाचा एक छोटा गट होता २२ जणांचा, त्यातले ९ गेले आणि त्यानंतर त्या गटात एकही पिल्लू झालेलं नाही, म्हणजे तो गट संपल्यातच जमा. हेरिंग मासा १९९३ ला कोसळला पण त्यात रोगाचा हात किती नि तेलाचा किती ह्यावर अजून भांडणं चालू आहेत, त्यामुळे ते सरळ तेलाच्या खात्यावर मी तरी टाकणार नाही.

साफसफाईचं तर विचारूच नका. गरम पाण्याचे हाय प्रेशर फवारे मारले, दगड चकाचक झाले आणि त्याला चिकटलेलं शेवाळ, कालवं वगैरे शिजून गेलं. टीव्हीवर छान दिसलं असेल. त्यातून एक चांगलं झालं, १९९० च्या अमेरिकन कायद्याने टँकरला डबल हल (दुहेरी तळ-भिंती) सक्तीचा केला.

ड्रिलिंगचं म्हणाल तर तिकडची जमीन खाली कायम गोठलेली असते आणि वरचं शेवाळ-गवत हे तिचं पांघरूण, ते दाबलं गेलं की खालचा बर्फ वितळून जमीन खचते. १९८४ आणि १९८५ च्या हिवाळ्यांत तिथल्या आर्क्टिक रेफ्युज ह्या अभयारण्यात फक्त तेल शोधायच्या सर्व्हेसाठी गाड्या फिरवल्या होत्या, त्यांचे चर काही ठिकाणी कित्येक दशकं दिसत राहिले. तेही विहीर न खणता! आणि २००६ ला अलास्कातल्याच प्रुडो बे तेलक्षेत्रात गंजलेल्या पाइपमधून २ लाख गॅलनच्या वर तेल गळलं, बर्फाखाली पसरत होतं म्हणून काही दिवस कोणाला पत्ताच नाही, शेवटी तिथल्या एका कामगाराला वास आला तेव्हा कळलं.