समुद्रात महिनोन्महिने ठेवलेल्या सेन्सरवर शेवाळ-शिंपले चढू नयेत म्हणून काय करतात?

पूर्ण थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. पाण्यात सोडल्यावर काही तासांतच जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग बार्नॅकल (खडकाला, होडीला घट्ट चिकटणारे टणक कवचाचे छोटे जीव). कोकणासारख्या उबदार, उथळ पाण्यात तर फारच झटपट. होडीचं बूड खरवडणाऱ्या कुणालाही विचारा.

स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे तांबं. सेन्सरच्या तोंडाभोवती तांब्याची जाळी, केसिंगवर तांब्याची पट्टी. फक्त ते ॲल्युमिनियमला थेट टेकू देऊ नका, खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला खड्डे पडतात.

खरी गोची गढूळपणा किंवा क्लोरोफिल मोजणाऱ्या सेन्सरची. नखाएवढ्या काचेवर पातळ थर आला की आकडा हळूहळू चढतो आणि आपल्याला वाटतं पाणीच गढूळलं! तिथे दर मोजणीआधी काच पुसणारा छोटा वायपर हवाच. बॅटरी पुरत असेल तर यूव्ही-सी एलईडी, म्हणजे जंतू मारणारा अतिनील प्रकाश टाकणारा छोटा दिवाही उत्तम.

अर्गो फ्लोटना, म्हणजे समुद्रात आपोआप वरखाली होत मोजणी करणाऱ्या तरंगत्या यंत्रांना, हा त्रास कमी, कारण ते बराच काळ साधारण १००० मीटर खोल, गार अंधारात असतात.

आणि हो, बॉडीला आधीच साधी पॅकिंग टेप गुंडाळा. बाहेर काढल्यावर शिंपल्यांसकट सोलून निघते, खरवडत बसावं लागत नाही.