‘पोटात दगड भरलेत’: भास की बद्धकोष्ठता?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. क्लोझापिन चालू आहे, महिन्याच्या तपासणीला तो न चुकता जातो. हल्ली ‘पोटात कुणीतरी दगड भरलेत’ असं म्हणतो. फॅमिली डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी पाहिली आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पुन्हा फॅमिली डॉक्टरांकडे. नक्की जायचं कुणाकडे?

उत्तर : आधी पोटाचं बघा. क्लोझापिनमुळे आतड्यांची हालचाल मंदावते. कधी कधी ती इतकी थांबते की आतडं तटतं, आणि त्यात माणसं दगावली आहेत. ‘दगड भरलेत’ ही त्याची सांगायची पद्धत झाली. दुखणं खरं असू शकतं. त्याला ‘बद्धकोष्ठता आहे का?’ असं विचारू नका, ‘शेवटचं पोट कधी साफ झालं?’ असं विचारा आणि वार लिहून ठेवा. पोट फुगलंय, जोराने दुखतंय, उलट्या होताहेत, यांपैकी काहीही असेल तर कुणाची वेळ घेत बसू नका, थेट तातडीच्या विभागात न्या.

एरवी पोटासाठी फॅमिली डॉक्टरांकडेच जा, पण जाताना एक कागद न्या. सगळ्यात वर तक्रार, आकड्यांत : ‘चार दिवस शौचाला नाही, जेवण निम्म्यावर.’ त्याखाली औषधांची नावं, मिलिग्रॅम, वेळा. निदानाचं नाव सगळ्यात शेवटी. ते पहिल्या ओळीत आलं की पुढचं सगळं त्याच चष्म्यातून वाचलं जातं, आणि छातीत दुखणंसुद्धा मनावर ढकललं जातं. हे वारंवार घडतं आणि ते घातक आहे. तपासणी न करताच परत पाठवू लागले तर शांतपणे म्हणा, ‘पोटाला हात लावून बघा आणि काय आढळलं ते केसपेपरवर लिहा.’

आणखी एक गैरसमज. महिन्याला डॉक्टर बघतात म्हणजे शरीरही तपासलं जातं, असं घरच्यांना वाटतं. क्लोझापिनसाठी होणारी रक्ततपासणी पांढऱ्या पेशींची असते. त्यात साखर कळत नाही. क्लोझापिन आणि त्याच गटातलं ओलान्झापिन या दोन्हींनी वजन, साखर, रक्तातली चरबी वाढते. गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि बहुतेक वेळा कारण असतं हृदयविकारासारखा शारीरिक आजार. म्हणून वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) औषध सुरू करताना, 12 आठवड्यांनी आणि मग निदान वर्षातून एकदा व्हायला हवं. हे कोण करणार, ते दोन्ही डॉक्टरांना विचारून एकाचं नाव कागदावर लिहून घ्या. नाहीतर दोघांनाही वाटतं, दुसऱ्याने केलं असेल.

तो सिगारेट ओढत असेल तर एकदम बंद करण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना कळवा. धुरामुळे क्लोझापिन शरीरातून लवकर बाहेर पडतं. धूर थांबला की तोच डोस जास्त होतो. रुग्णालयात भरती केल्यावर सिगारेट आपोआप सुटते, तेव्हाही हे सांगायला विसरू नका.

प्रश्न : आई लिथियम (मनःस्थितीच्या आजारावरचं औषध) घेते. दाढदुखीवर आयबुप्रोफेन दिलं आणि चार दिवसांत हात थरथरू लागले. संबंध असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्यामुळे मूत्रपिंडातून लिथियम कमी बाहेर पडतं आणि रक्तात साठतं. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तरी तेच होतं. आयबुप्रोफेन थांबवा, दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल चालतं का ते विचारा. लिथियमची पातळी तपासण्यासाठीचं रक्त लिथियमच्या शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी द्यायचं असतं. सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. मात्र थरथर वाढत असेल, चालताना तोल जात असेल, बोलणं जड झालं असेल, तर 12 तास मोजत बसू नका. पुढचा डोस देऊ नका, त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा आणि दारातच ‘लिथियम चालू आहे’ असं सांगा.